टिश्यू कल्चर केळीची सगळी रोपे खरोखर सारखी असतात का?

रावेर, यावल, चोपडा किंवा धुळ्यातल्या शिरपूरकडे केळी लावताना आता अनेक शेतकरी कंदाऐवजी टिश्यू कल्चरची ग्रँड नैन रोपे घेतात. बाग एकाच सुमारास निसवावी आणि घड थोड्या दिवसांत कापून व्हावेत, हा त्यामागचा हिशेब. रोपे वेगवेगळी निघाली तर तो चुकतो, आणि हे कळेपर्यंत कित्येक महिन्यांचे खत-पाणी खर्ची पडलेले असते.

निवडक झाडाच्या कोंबापासून प्रयोगशाळेत हजारो रोपे करतात. ती मूळ झाडाच्या नकलाच. पण संप्रेरके घातलेल्या माध्यमात कोंब पुन्हा पुन्हा विभागताना काही पेशींत बदल होऊ शकतो. याला सोमाक्लोनल बदल म्हणतात. केळीत असे झाड बऱ्याचदा बुटके राहते. म्हणूनच एका कोंबापासून किती वेळा वाढ घ्यायची, यावर मर्यादा ठेवतात.

तपासणीसाठी नमुन्याच्या रोपांच्या पानांतून डीएनए काढतात. पीसीआरने त्यातल्या ठरावीक तुकड्यांच्या प्रती करतात, जेलवर उमटलेले पट्टे मातृझाडाच्या पट्ट्यांशी ताडून पाहतात. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या २००६ पासूनच्या प्रमाणन व्यवस्थेत विषाणू तपासणीसोबत हीही येते. दोन्हींची गल्लत मात्र नको: कुकुंबर मोझॅक विषाणू असलेले रोपही जनुकीयदृष्ट्या अस्सल असू शकते.

शिवाय पट्टे जुळले म्हणजे सगळा डीएनए वाचला असे नाही. त्यामुळे हार्डनिंगच्या वेळी बुटकी, वेगळ्या पानांची रोपे नजरेने वेचून काढण्याचे काम रोपवाटिकेला आजही चुकलेले नाही.