चांदीपुरा मेंदूज्वर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

चांदीपुरा हा मेंदूला सूज आणणारा विषाणू 2024 मध्ये गुजरातमधल्या साथीमुळे बातम्यांत आला आणि तो नवा, बाहेरून आलेला आजार आहे असा समज पसरला. प्रत्यक्षात त्याची ओळख नागपूरची आहे. 1965 मध्ये नागपुरात तापाची साथ होती. त्या वेळी घेतलेल्या रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) तो वेगळा केला गेला आणि चांदीपुरा या ठिकाणाचे नाव त्याला मिळाले. बराच काळ तो किरकोळ तापाचा विषाणू मानला गेला. 2003 मध्ये आंध्र प्रदेशात 329 मुले आजारी पडून 183 दगावली, तेव्हा त्याचे खरे रूप कळले. नंतर विदर्भातही त्याचे रुग्ण आढळले.

दुसरा समज डासांचा. जपानी मेंदूज्वर डासांमुळे होतो, चांदीपुरा मुख्यतः वाळूमाशीमुळे. ही माशी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची असते आणि साध्या मच्छरदाणीच्या जाळीतूनही आत शिरते. ती साचलेल्या पाण्यात वाढत नाही. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठ्यातली ओल, शेणाचे आणि केरकचऱ्याचे ढीग ही तिची जागा. त्यामुळे नुसती डबकी बुजवून भागत नाही. भेगा लिंपणे, गोठा कोरडा ठेवणे आणि कीटकनाशकाची फवारणी हे उपाय लागतात. जपानी मेंदूज्वराची लस चांदीपुरापासून वाचवत नाही. चांदीपुरावर अजून लस उपलब्ध नाही.

हा आजार रुग्णाला शिवल्याने होतो, हेही खरे नाही. आजारी मुलाला घरात वेगळे टाकण्याचे कारण नाही.

सर्वांत घातक समज म्हणजे, औषधच नाही तर दवाखान्यात नेऊन काय उपयोग. विषाणू मारणारे खास औषध नाही, हे खरे. पण मूल दगावते ते मेंदूची सूज, न थांबणारे झटके आणि अडणारा श्वास यांमुळे, आणि या तिन्हींवर रुग्णालयात उपचार करता येतात. शिवाय जिवाणूंमुळे होणाऱ्या मेंदूच्या आवरणाच्या सुजेची लक्षणेही सुरुवातीला अशीच दिसतात आणि तिच्यावर प्रतिजैविके लागू पडतात. कोणता आजार आहे हे तपासणीशिवाय ठरत नाही.

झटक्यांना बाहेरची बाधा समजून अंगारा-धुपारा करण्यात किंवा कांदा, चप्पल हुंगवण्यात जाणारा वेळ परत मिळत नाही. चांदीपुराच्या तडाख्यात पहिल्या तापापासून 24 ते 48 तासांत मृत्यू ओढवू शकतो. झटका आला की मुलाला कुशीवर वळवावे, कपडे सैल करावेत, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नये.

पंधरा वर्षांखालच्या मुलाला, विशेषतः पावसाळ्यात, अचानक जोराचा ताप, उलट्या, झटके किंवा गुंगी आली, तर सकाळपर्यंत वाट पाहू नये. कळमन्यासारख्या पूर्व नागपुरातल्या वस्त्यांतून मेयो किंवा मेडिकल या रुग्णालयांपैकी जे लवकर गाठता येईल तिथे, त्याच क्षणी निघावे.