घाटावरचा पाऊस आणि किनाऱ्यावरचा अंदाज

श्रावण सरत आला की किनाऱ्यावरच्या माणसाला पाऊस संपल्याचा भास होऊ लागतो. पणजी-म्हापशात दिवसाचे चार-चार तास ऊन पडते, छत्री घरी विसरली तरी चालते आणि बाजारात माटोळीच्या सामानाची चौकशी सुरू होते. त्याच वेळी सत्तरीच्या, सांग्याच्या, काणकोणच्या डोंगरांवर काळोख दाटलेला असतो आणि सुर्ल्याच्या पठारावरून उतरणारे पाणी खालच्या गावांना कसलीही पूर्वसूचना न देता व्हाळ भरून टाकते. गोवा नकाशावर नखाएवढा दिसतो. पण त्यात पावसाचे दोन देश नांदतात, ही गोष्ट राज्यकर्त्यांच्या ध्यानात अजून नीटशी आलेली दिसत नाही.

हा भेद काही नवा नाही आणि गूढ तर मुळीच नाही. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त पश्चिमी वारे किनारा ओलांडून तीस-चाळीस किलोमीटर आत येतात तोच त्यांच्यासमोर सह्याद्री उभा ठाकतो. वाऱ्याला वर चढण्यावाचून गत्यंतर नसते. वर चढताना तो थंड होतो, बाष्प धरून ठेवण्याची त्याची शक्ती घटते आणि उरलेसुरले ओझे तो उतारावरच टाकून देतो. पलीकडे उतरताना वारा पुन्हा तापतो, कोरडा होतो. म्हणून सुमारे सातशे मीटर उंचीवरच्या आंबोलीत वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि तेथून साठ-सत्तर किलोमीटरवरच्या बेळगावात तो बाराशे-तेराशे मिलिमीटरवर येऊन ठेपतो. आमच्या बेळगावकर वाचकांना हे वेगळे सांगायला नको. जांबोटी-कणकुंबीकडे जाताना रेनकोट लागतो आणि परतताना तो काखोटीला मारावा लागतो, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. गोव्यातही वाळपईचा पाऊस आणि पणजीचा पाऊस यांची बरोबरी कधी होत नाही.

ऑगस्टचा उत्तरार्ध आणि सप्टेंबर हा या डोंगरी पावसाचा सर्वात फसवा काळ. जुलैचा पाऊस प्रामाणिक असतो. तो दिवसरात्र पडतो आणि माणूस त्याला धरून वागतो. नंतरच्या पावसाला खंड पडतात. उत्तर हिंदुस्थानच्या मैदानावरचा कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की तिकडे धुवाधार आणि इकडे उघडीप. २०२३ चा ऑगस्ट हा तर १९०१ पासूनचा देशातला सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला. पुढे बंगालच्या उपसागरात एखादे कमी दाबाचे क्षेत्र तयार होऊन पश्चिमेकडे सरकू लागले, की आपल्या किनाऱ्यावरचे पश्चिमी वारे पुन्हा जोर धरतात आणि दोनतीन दिवसांत घाटावर पाऊस उसळतो. म्हणजे आमच्या म्हादईला येणाऱ्या पुराची पहिली वर्दी कित्येकदा ओडिशाच्या किनाऱ्यावर मिळते. ती वाचता आली तर चारपाच दिवसांची सवड हाती असते. सप्टेंबरच्या अखेरीस तर पावसाची जातच बदलते. वारे मंदावतात, सकाळी कडक ऊन पडते, दुपारी डोंगरमाथ्यावर ढग रचले जातात आणि संध्याकाळी गडगडाटासह कोसळतात. हा पाऊस विजा घेऊन येतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विजेची सूचना देणारे ‘दामिनी’ नावाचे अॅप केले आहे. परंतु घाटातल्या ज्या वाड्यांवर मोबाइलला दिवसदिवस रेंज मिळत नाही तेथे ही दामिनी चमकणार कशी, याचेही उत्तर कोणीतरी द्यायला हवे.

आमच्या पूर्वजांनी याच काळाला नक्षत्रांची नावे दिली. ऑगस्टच्या मध्याला मघा, महिनाअखेर पूर्वा, सप्टेंबरच्या मध्याला उत्तरा आणि २७ च्या सुमारास हस्त. पुनर्वसूचा तरणा आणि पुष्याचा म्हातारा पाऊस संपला की मघेचा सासूचा आणि पूर्वेचा सुनेचा पाऊस येतो, असे घाटावरचे शेतकरी सांगत आले. सासू आणि सून यांपैकी अधिक लहरी कोण, याचा निवाडा आम्ही करू इच्छित नाही! शेकडो वर्षांच्या निरीक्षणाचे हे सार आहे, हे मान्य करूनही एक गोष्ट सांगितली पाहिजे. सूर्याचा नक्षत्रप्रवेश ऋतूंच्या मानाने सुमारे बाहत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकत असतो, आणि चतुर्थीसारखे सण चांद्रमासाने फिरत असतात. २०२३ साली चतुर्थी १९ सप्टेंबरला, म्हणजे उत्तरा नक्षत्रात आली. २०२५ साली ती २७ ऑगस्टला, भर मघेत आली. चतुर्थीला पाऊस कसा असेल, याचे एकच पिढीजात उत्तर म्हणूनच असू शकत नाही. तेथे वेधशाळेलाच विचारावे लागते.

आणि वेधशाळेवर टीका करणे हा आपला पावसाळी छंद असला तरी तिची भाषा समजून घेण्याचे कष्ट आपण क्वचितच घेतो. १८७५ साली स्थापन झालेल्या भारतीय हवामान खात्याच्या शब्दांना ठरलेली मापे आहेत. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून ११५.५ पर्यंत झालेला पाऊस ‘जोरदार’, त्यापुढे २०४.४ पर्यंत ‘अतिजोरदार’ आणि त्याहून अधिक म्हणजे ‘अत्यंत जोरदार’. ‘तुरळक ठिकाणी’ याचा अर्थ त्या विभागातल्या फार तर पाव केंद्रांवर. तेव्हा ‘तुरळक ठिकाणी अतिजोरदार’ असे वाचून पर्वरीचा गृहस्थ आकाशाकडे पाहतो, ऊन दिसते, आणि तो वेधशाळेला हसतो. वास्तविक तो अंदाज खरा ठरलेला असतो. ते तुरळक ठिकाण केरी किंवा नेत्रावळी असते इतकेच.

येथेच आमचा मुख्य आक्षेप सुरू होतो, आणि तो वेधशाळेच्या ज्ञानावर नसून शासनाच्या मापावर आहे. पिवळा, नारिंगी, लाल हे इशाऱ्याचे रंग जिल्ह्याच्या नावाने जाहीर होतात. उत्तर गोवा जिल्ह्यात कळंगुटची वाळू आहे आणि सुमारे ११६० मीटर उंचीचा सोसोगडही आहे. दोघांना एकच रंग लावायचा म्हणजे एकाला तरी चुकीचा लागणार. किनाऱ्यावर सलग चार वेळा नारिंगी इशारा फुकट गेला की पाचव्या वेळी सत्तरीतलाही माणूस त्याकडे दुर्लक्ष करतो, कारण वृत्तपत्र आणि नभोवाणी दोघांना एकच असते. शेजारच्या महाराष्ट्रात पुणे, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांसाठी घाटविभागाचा इशारा वेगळा दिला जातो. पुणे शहर पिवळ्यात आणि त्याच जिल्ह्याचा घाट लाल रंगात, असे तेथे अनेकदा घडते आणि कोणाचा गोंधळ होत नाही. सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि काणकोण यांना घाटविभाग मानून त्यांचा अंदाज निराळा द्यावा, ही मागणी शासनाने हवामान खात्याकडे आग्रहाने का करू नये? पणजीत डॉप्लर रडार आहे, हे खरे. परंतु रडारची किरणे डोंगराआड पाहू शकत नाहीत. दरीत नेमके काय पडले हे तेथे बसवलेले पर्जन्यमापकच सांगू शकते. प्रत्येक घाटमाथ्यावर आणि प्रत्येक धरणाच्या पाणलोटात स्वयंचलित पर्जन्यमापके बसवण्यास जो खर्च येईल, तो एका साकवाच्या उद्‌घाटन समारंभाहून फार अधिक असेल असे आम्हांला वाटत नाही.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. एक चौरस किलोमीटरच्या डोंगरावर दोनशे मिलिमीटर पडले तर ते वीस कोटी लिटर होते. जूनमध्ये तहानलेली जमीन त्यातला मोठा वाटा पिऊन टाकते. ऑगस्टअखेर तिची तहान कधीच भागलेली असते. तेव्हा पडलेला बराचसा थेंबन्‌थेंब वाहूनच जातो आणि जो मुरतो तो उताराच्या मातीला जड व सैल करतो. म्हणून जुलैत ज्या पावसाने काही बिघडत नाही, तेवढ्याच पावसाने सप्टेंबरात दरड कोसळू शकते. त्यातही चोवीस तासांची बेरीज दिशाभूल करते. सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ अशा मोजलेल्या दिवसात एकशेवीस मिलिमीटर पडले, एवढे समजून उपयोग नाही. ते रात्रभर रिमझिमत पडले की पहाटेच्या दोन तासांत, यावर साखळीच्या बाजारपेठेचे भवितव्य ठरते.

साखळीचे उदाहरण मुद्दाम घेतले. चोर्ला घाटाच्या पायथ्याचे अंजुणे धरण भरत आले की त्याचे पाणी सोडावे लागते आणि ते पुढे वाळवंटीला मिळते. घाटावरचा पाऊस, धरणाचा विसर्ग आणि अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती या तिन्ही गोष्टी एकाच प्रहरी जुळल्या तर खाली पाण्याला वाट उरत नाही. यांपैकी भरतीची वेळ वर्षभर आधी छापून तयार असते, विसर्ग माणसाच्या हातात असतो आणि पावसाचा अंदाज दोनतीन दिवस आधी मिळू शकतो. मग या तीन कागदांना एका टेबलावर आणणे इतके अवघड का व्हावे? २३ जुलै २०२१ रोजी सत्तरी-डिचोलीत पाणी घुसले, तेव्हा १९८२ नंतरचा हा सर्वात मोठा पूर, असे सांगण्यात आले. त्याच दिवशी दूधसागर ते सोनावळे दरम्यान दरड कोसळून मंगळूरहून मुंबईकडे निघालेली आगगाडी रुळांवरून घसरली. आदल्या दिवशी घाटमाथ्याच्या उत्तरेकडे काय चालले होते, हे महाबळेश्वरचा चोवीस तासांतला सुमारे ५९४ मिलिमीटरचा आकडा आजही सांगतो.

म्हादई उगम पावते ती खानापूर तालुक्यात. तिच्या पाण्यावरून गोवा आणि कर्नाटक यांचे भांडण जगजाहीर आहे. लवादाचा निवाडा २०१८ मध्ये झाला, तरी वाद शमला नाही. त्या वादात आमची बाजू कोणती, हे या स्तंभाच्या वाचकांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. पण कणकुंबीत काल रात्री किती पाऊस झाला हा आकडा वादाचा विषय होऊ शकत नाही. तो तासातासाला गांजे-उसगावपर्यंत पोहोचला पाहिजे. या नदीसाठी २०२३ मध्ये केंद्राने ‘प्रवाह’ नावाचे प्राधिकरण स्थापन केले. त्याने दुसरे काही नाही तरी एवढे काम आपल्याकडे घेतले तरी त्याचे नाव सार्थ होईल. तिळारीच्या बाबतीत महाराष्ट्राशीही असाच नित्याचा व्यवहार हवा. ऑगस्ट २०१९ मध्ये तिळारीच्या वाढत्या पाण्याने पेडणे-डिचोलीच्या काठावरच्या लोकांना घरे सोडावी लागली, त्या रात्री खालच्या गावांना काय आणि केव्हा कळले, हे तेथील लोकांनाच विचारावे.

धबधब्यांविषयी फार लिहिण्याची इच्छा नाही. जुलै २०२४ मध्ये सत्तरीतल्या पाली धबधब्यावर पाणी चढून पर्यटक अडकले व त्यांना सोडवावे लागले. वर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही प्रवाह फुगतो, एवढे ठाऊक नसलेल्यांना डोंगरात सोडणे हा शासनाचाही दोष आहे. आमची अधिक काळजी आहे ती माटोळीसाठी रानात जाणाऱ्यांची. कांगला, कवंडळ, तोरिंग, आंबाडे गोळा करण्यासाठी जी कुटुंबे चतुर्थीआधीचे आठ दिवस रान तुडवतात, ती हौसेखातर जात नाहीत. त्या आठ दिवसांतच त्यांच्या सणाचा खर्च निघतो. त्यांना ‘नदीनाल्यांजवळ जाऊ नये’ असा छापील उपदेश करणे म्हणजे मासेमाऱ्याला समुद्राजवळ जाऊ नये असे सांगण्यासारखे आहे. त्यांना हवी आहे ती तीन तासांची सूचना: दुपारनंतर वर पाऊस वाढणार, दोनच्या आत व्हाळ ओलांडून अलीकडे या. असे तात्कालिक अंदाज वेधशाळा देते. ते पंचायतीपर्यंत, देवळाच्या ध्वनिक्षेपकापर्यंत, आणि लोकांच्या बोलीत पोहोचवणे हे मामलेदार कचेरीचे काम. त्याच आठवड्यात हजारो गोमंतकीय मूळ घरी परततात, बेळगावहून चोर्ल्याने आणि अनमोडने गाड्यांची रीघ लागते. जुलै २०२५ मध्ये अनमोड घाटात रस्त्याची कड खचून अवजड वाहतूक बंद ठेवावी लागली होती. तेव्हा घाट बंद असल्याची वार्ता प्रवाशाला घाटाच्या तोंडाशी नव्हे, घरून निघण्यापूर्वी मिळावी, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

पावसाच्या अंदाजाबरोबर उघडिपीचाही अंदाज असतो, ही बाजू मात्र सर्वथा दुर्लक्षित राहिली आहे. कुळागरवाल्याला विचारा. सतत ओल राहिली की सुपारीवर कोळेरोग पडतो आणि कोवळी फळे घोसांतून गळून खाली सडा पडतो. त्यावर मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारावे लागते. पहिली फवारणी पावसाच्या तोंडावर, दुसरी त्यानंतर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी. ही दुसरी फवारणी नेमकी भर पावसाळ्यात येते. पोफळीवर चढणारा कामगार निसरड्या खोडावर पाऊस असताना चढू शकत नाही, आणि चढला तरी फवारलेले औषध वाळण्यापूर्वी सर आली तर सारा खर्च वाया. त्या बागायतदाराला दोन कोरडे दिवस केव्हा मिळतील, एवढेच जाणून घ्यायचे असते. भातकऱ्याचेही तसेच. सप्टेंबरात भात पोटरीतून बाहेर पडून फुलोऱ्यावर येते. त्या वेळी सलग झड लागली तर दाणा पोचट राहतो. पुढे हस्ताच्या सरी उभ्या पिकावर कोसळल्या की ते आडवे होते आणि आडव्या लोंबीला शेतातच कोंब फुटतात. कापणी चार दिवस अलीकडे घ्यावी की पलीकडे, हा निर्णय सत्तरीचा शेतकरी आजही समोरच्या डोंगरावरचे ढग पाहून घेतो. कृषी खात्याने या सप्टेंबरपासून घाटाखालच्या गावांसाठी आठवड्यातून दोनदा उघडिपीचा अंदाज पंचायतीच्या फळ्यावर लावायचे ठरवले, तर हस्त लागण्यापूर्वी निदान चार-पाच वेळा तो लावून होईल.