कंपनीने 'ब्रेक' दिला? पगारातून कापलेल्या ईएसआयवर बेरोजगारी भत्ता मिळू शकतो; पण आधी हे तपासा

चाकण, रांजणगाव, वाळूज. एमआयडीसी कुठलीही असो, 'ब्रेक' म्हणजे काय हे तिथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. सहा-सात महिने काम झाले की कॉन्ट्रॅक्टरचा सुपरवायझर सांगतो, 'उद्यापासून येऊ नको, बोलावलं की ये.' वर्षात २४० दिवस भरले तर कामगाराला भरपाईचा, कायम होण्याचा दावा करता येतो. ते भरू नयेत म्हणून ही सोय. बोलावणे कधी महिन्याने येते, कधी येतच नाही.

माझ्या गावाकडचा एक मित्र आयटीआय करून सहा वर्षे असाच कंपन्या बदलतो आहे. मागच्या ब्रेकमध्ये त्याने मला विचारले, 'दर महिन्याला ईएसआय कापतात. घरी बसल्यावर त्यातून काही मिळतं का?' मिळू शकते. योजनेचे नाव आहे अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, आणि ती २०१८ पासून सुरू आहे. पगारातून पैसे कापले जाणाऱ्या अनेकांना तिचे नावही माहीत नसते.

पैसे कोण देते?

कर्मचारी राज्य विमा महामंडळ, म्हणजे ईएसआयसी. महिन्याला २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार (दिव्यांगांसाठी ही मर्यादा २५ हजार) या विम्यात येतात. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. पगार १८ हजार असेल तर तुमचे १३५ रुपये आणि मालकाचे ५८५. बहुतेकांना यातला दवाखाना तेवढा माहीत असतो.

इथेच पहिली गल्लत होते. महाराष्ट्रातले दवाखाने, उदाहरणार्थ चिंचवडच्या मोहननगरचे रुग्णालय, राज्य सरकारची यंत्रणा चालवते. रोख पैशांचे काम मात्र केंद्राच्या महामंडळाच्या शाखा कार्यालयात होते. बेरोजगारी भत्त्याची चौकशी दवाखान्याच्या खिडकीवर केली तर उत्तर मिळत नाही ते यामुळे.

किती मिळते?

सरासरी रोजच्या कमाईच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, आणि तेही आयुष्यात एकदाच. सुरुवातीला हा दर २५ टक्के होता. कोरोनाच्या काळात, २४ मार्च २०२० पासूनच्या बेरोजगारीसाठी तो दुप्पट केला. पूर्वी नोकरी गेल्यावर ९० दिवस थांबावे लागे, ती मुदतही ३० दिवसांवर आणली.

'सरासरी' शब्दाकडे नीट बघा. शेवटच्या पगाराचा अर्धा भाग मिळेल, असा याचा अर्थ नाही. आधीच्या चार अंशदान काळांत, म्हणजे दोन वर्षांत, जेवढी कमाई नोंदली गेली तिला ७३० ने भागतात. पूर्ण २४ महिने १८ हजार पगार नोंदला असेल तर एकूण ४ लाख ३२ हजार. रोजचे सुमारे ५९२, त्याचे निम्मे २९६, आणि ९० दिवसांचे साधारण २६ हजार ६०० रुपये. त्याच दोन वर्षांत चार महिने ब्रेक असेल तर भागिले ७३० च राहते, पण वरचा आकडा ३ लाख ६० हजारांवर येतो. मग ९० दिवसांचे सुमारे २२ हजार २०० होतात. ज्याला ब्रेक जास्त, त्याचा भत्ता कमी. योजना ज्याच्यासाठी आहे त्यालाच हे गणित टोचते.

७८ दिवसांची अट

ईएसआयचे वर्ष दोन अंशदान काळांत विभागले आहे : १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. बेरोजगार होण्याआधी किमान दोन वर्षे विमा असलेली नोकरी हवी. लगेच आधीच्या काळात किमान ७८ दिवसांचे अंशदान हवे आणि त्याआधीच्या तीनपैकी निदान एका काळात पुन्हा ७८ दिवस. महिन्याला २६ दिवस धरले तर ७८ म्हणजे तीन महिने. दोन वर्षे एकाच कंपनीत असण्याची अट नाही. कंपनी बदलली, कॉन्ट्रॅक्टर बदलला तरी चालते, फक्त अंशदान तुमच्या नावावर दिसले पाहिजे.

माझ्या मित्राचे घोडे इथेच अडले. उमंग ॲपवर ईएसआयसीच्या सेवेत जाऊन त्याने अंशदान पाहिले, तर फक्त ११ महिने दिसत होते. उरलेले कुठे गेले? मधल्या एका कॉन्ट्रॅक्टरने जुना विमा क्रमांक न विचारता नवाच काढला होता. नियमाप्रमाणे विमा क्रमांक आयुष्यभरासाठी एकच असतो. याच्याकडे दोन निघाले, आणि दोन्हींवर नोंद अर्धीमुर्धी. वेगळ्या पगारचिठ्ठ्या एकत्र करून, 'ही दोन्ही माणसे मीच' असे लिहून त्याला शाखा कार्यालयात अर्ज द्यावा लागला. नवीन ठिकाणी रुजू होताना जुना क्रमांक स्वतःहून लिहून द्या. तो कुणी मागेलच असे नाही.

कुणाला मिळत नाही?

गैरवर्तनामुळे काढलेल्यांना, स्वेच्छेने काम सोडणाऱ्यांना, स्वेच्छानिवृत्ती किंवा वयोमानाने निवृत्त झालेल्यांना, बेकायदा संपात किंवा टाळेबंदीच्या काळात बसून असलेल्यांना. म्हणून ब्रेक देताना 'राजीनाम्यावर सही कर, हिशोब लगेच करतो' असे कुणी म्हटले तर घाई करू नका. कागदावर तुम्ही स्वतःहून गेलेले दिसलात, तर नंतर 'मला काढले' हे सिद्ध करायची वेळ तुमच्यावरच येते.

दोन ठिकाणी विमा असलेले काम करत असाल आणि एकच सुटले, तरी तुम्ही बेरोजगार धरले जात नाही. आणि पगार २१ हजारांच्या वर गेल्यावर चालू अंशदान काळ संपेपर्यंतच विमा राहतो. आमच्या बॅचचे बरेच इंजिनीअर त्या रेषेच्या जरा वर आहेत. नोकरी गेली तर त्यांच्यासाठी असा भत्ता नाही. पीएफ काढता येतो, पण ती स्वतःचीच बचत.

दावा कसा करायचा?

काम सुटून ३० दिवस झाल्यावर ईएसआयसीच्या संकेतस्थळावर विमा क्रमांकाने लॉगिन करून अर्ज भरता येतो. आधार आणि बँक खाते विमा क्रमांकाला जोडलेले हवे. नावात एका अक्षराचा फरक असेल तर तो आधी दुरुस्त करा. दावा मालकामार्फत पाठवण्याची गरज २०२० पासून नाही. स्टॅम्पपेपरवरच्या प्रतिज्ञापत्राची अटही त्याच वर्षी काढली. एखाद्या खिडकीवर अजून मागितले, तर हे सांगता आले पाहिजे. पैसे थेट खात्यात येतात आणि भत्त्याच्या काळात उपचाराची सोयही सुरू राहते. योजनेची मुदत टप्प्याटप्प्याने वाढवली जाते, त्यामुळे अर्जाआधी ती चालू असल्याची खात्री संकेतस्थळावर किंवा १८००-११-२५२६ या टोल फ्री क्रमांकावर करून घ्या.

कारखानाच बंद पडला किंवा कामगारकपात झाली असेल, तर २००५ पासूनची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आधी विचारा. तीत पहिले १२ महिने ५० टक्के आणि पुढचे १२ महिने २५ टक्के, असा २४ महिन्यांपर्यंत भत्ता आहे. कॉन्ट्रॅक्टरच्या ब्रेकला मात्र ती सहसा लागू पडत नाही.

राहिला प्रश्न 'आयुष्यात एकदाच'चा. दीड महिन्याच्या ब्रेकसाठी हा हक्क वापरायचा, की मोठ्या अडचणीसाठी ठेवायचा? मित्राचे दोन्ही क्रमांक जोडायचे काम अजून सुरू आहे. तोवर त्याला दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरचा फोन आला आणि तो रुजू झाला. या वेळी जुना क्रमांक लिहून दिलाय, म्हणाला.