एक माणूस, एक मत

ठाणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागात पूर्वी जव्हार नावाचे एक संस्थान होते. तेथे मुकणे घराण्याने सुमारे सहाशे वर्षे राज्य केले. शेजारचा मोखाडा इंग्रजी अमलाखाली होता. जव्हारात अखेरचा शब्द राजाचा चाले. मोखाड्यात कायदे मंडळासाठी मत देण्याचा हक्क होता खरा. पण तो ज्यांच्यापाशी मालमत्ता किंवा शिक्षण होते, अशा थोड्यांनाच. डोंगरातल्या वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर यांना राज्यकारभाराविषयी कोण विचारणार?

1947 साली देश स्वतंत्र झाला. 1948 साली जव्हार संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. 1950 साली राज्यघटना अमलात आली आणि तिने एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक स्त्रीपुरुषाला मताचा अधिकार दिला. धन, जात, शिक्षण यांची अट उरली नाही.

पहिली सार्वत्रिक निवडणूक 1951 च्या ऑक्टोबरपासून 1952 च्या फेब्रुवारीपर्यंत चालली. मतदार होते सतरा कोटींहून अधिक आणि त्यांतील बहुतेकांना अक्षरओळखही नव्हती. मग त्यांनी मत द्यावे कसे? मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या देखरेखीखाली एक सोपी योजना अमलात आली. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी व तिच्यावर त्याचे चित्र: कोठे बैलजोडी, कोठे झोपडी. मतदाराच्या बोटाला शाई लावीत, म्हणजे त्याला दुसऱ्यांदा मत देता येत नसे. मग तो पडद्याआड एकटाच जाई आणि हातातली मतपत्रिका आपल्या पसंतीच्या पेटीत टाकी. त्याने मत कोणाला दिले हे सावकारालाही कळत नसे व जमीनदारालाही. दुबळ्या माणसाला निर्भय करणारा तो पडदा होता!

राजवाड्यात राहणाऱ्याचे मत एक आणि कुडाच्या झोपडीत राहणाऱ्याचेही एकच. मोजताना दोन्ही सारखीच. जव्हारचे अखेरचे राजे यशवंतराव मुकणे हे पुढे 1962 साली लोकसभेवर निवडून गेले, तेही जनतेच्या मतांवरच.

आज जव्हार व मोखाडा हे तालुके 2014 साली झालेल्या पालघर जिल्ह्यात आहेत. 1989 पासून मतदानाचे वय अठरा वर्षे झाले आहे. मुलांनो, काही वर्षांनी तुमच्याही बोटाला ती शाई लागेल. त्या दिवशी, हा हक्क ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या नव्हता, त्यांची आठवण ठेवा आणि कोणाच्या भयाने वा लोभाने नव्हे, तर स्वतः विचार करून मत द्या.