प्रार्थनेवर मतदान

१५ डिसेंबर १९२७ च्या रात्री ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्ससमोर ना कर होता, ना युद्ध. ठरवायचे होते ते एवढेच, की इंग्लंडच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी पाद्र्याने कोणती प्रार्थना म्हणावी आणि आशीर्वादित भाकर आजारी माणसांसाठी बाजूला काढून ठेवली तर चालेल का. सरकारने पक्षादेश काढला नव्हता. ब्रिटिश प्रथेप्रमाणे सभासद बाकांवरून उठले, ‘हो’ आणि ‘नाही’च्या लॉबीतून चालत गेले आणि त्यांची शिरगणती झाली. बाजूने २०५, विरोधात २३८. आर्चबिशपांपासून साध्या पाद्र्यांपर्यंत शेकडो जणांनी वीस वर्षे खपून तयार केलेले पुस्तक तेहेतीस मतांनी पडले.

मताचा हक्क कुणाकुणाला होता, हे पाहिले की गंमत कळते. स्कॉटलंडच्या खासदारांना होता, तिथले राष्ट्रीय चर्च प्रेस्बिटेरियन असूनही. वेल्सच्या खासदारांना होता, वेल्सचे चर्च १९२० मध्येच राज्यसत्तेपासून वेगळे झालेले असूनही. आणि बॅटर्सी नॉर्थच्या खासदारालाही होता. ते होते शापुरजी सकलातवाला, मुंबईत जन्मलेले पारशी, जमशेटजी टाटांचे भाचे आणि पक्के कम्युनिस्ट. त्याच १९२७ साली त्यांनी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये आपल्या मुलांची नवजोत, म्हणजे पारशी धर्मदीक्षा, केली, म्हणून त्यांच्या पक्षाने त्यांना जाहीर समज दिली होती. स्वतःच्या घरच्या धर्मविधीबद्दल पक्षाची बोलणी खाल्लेला हा माणूस इंग्लंडच्या धर्मविधीवर मात कायदेशीरपणे कौल देऊ शकत होता.

हे असे का, याचे उत्तर सोळाव्या शतकात आहे. आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये पोपशी नाते तोडले आणि चर्चचे प्रमुखपद स्वतःकडे घेतले. पुढे १५५९ मध्ये एलिझाबेथने पदाचे नाव थोडे सौम्य केले, अधिकार सोडला नाही. दरम्यान १५४९ मध्ये आर्चबिशप क्रॅन्मरचे पहिले इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचे झाले, तेव्हा डेव्हन आणि कॉर्नवॉलमध्ये बंड उसळले आणि ते रक्तपाताने मोडण्यात आले. १९२७ च्या वादाचे मूळ मात्र १६६२ चे. त्या वर्षीच्या एकरूपता कायद्याला नवे प्रार्थनापुस्तक चक्क परिशिष्ट म्हणून जोडले गेले. परिशिष्ट बदलायचे तर कायदा बदलायला हवा, आणि कायदा बदलायला पार्लमेंट हवे. ज्यांनी या पुस्तकाला मान तुकवली नाही, अशा सुमारे २००० पाद्र्यांना त्या काळात आपापल्या जागा सोडाव्या लागल्या.

दीडशेहून जास्त वर्षे हे चालून गेले. मग एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डच्या काही पाद्र्यांमधून एक लाट आली. या मंडळींना रोमशी तुटलेले धागे पुन्हा हवे होते. वेदीवर मेणबत्त्या, धूप, भरजरी झगे, वाइनमध्ये पाणी मिसळणे, असे प्रकार शहरांतल्या गरीब वस्त्यांमधल्या चर्चांतून सुरू झाले. सामान्य प्रोटेस्टंट माणसाला हे चोरपावलांनी येणारे पोपशाहीचे राज्य वाटले. १८७४ मध्ये पंतप्रधान डिझरायलीच्या सरकारच्या काळात, आर्चबिशप टेट यांच्याच पुढाकाराने, सार्वजनिक उपासनेवर नियंत्रण आणणारा कायदा झाला आणि पाद्र्यांचे खटले लॉर्ड पेन्झान्स या न्यायाधीशापुढे जाऊ लागले. पेन्झान्स पूर्वी घटस्फोटाच्या कोर्टाचे न्यायाधीश होते, हे विरोधकांनी उगाळून उगाळून सांगितले.

पुढे जे झाले ते सरकारला महागात पडले. आर्थर टूथ या पाद्र्यांना १८७७ मध्ये तुरुंगात टाकले. मँचेस्टरजवळच्या माइल्स प्लॅटिंगचे सिडनी ग्रीन तर १८८१ पासून लँकेस्टरच्या किल्ल्यात सुमारे वीस महिने अडकून पडले. गुन्हा कागदावर न्यायालयाच्या अवमानाचा. लोकांच्या लेखी मेणबत्त्यांचा. एकूण पाच पाद्री तुरुंगात गेले आणि पाचही जण हुतात्मे ठरले. ज्यांना धुपाच्या वासाने शिंका येत, त्यांनाही पाद्र्याला कोठडीत घालणे रुचेना. कायदा पुस्तकात राहिला, पण वापरायला कुणी धजेना.

१९०४ मध्ये नेमलेल्या शाही आयोगाने दोन वर्षांनी कबूल केले, की उपासनेचा कायदा फार अरुंद आहे आणि शिस्त लावणारी यंत्रणा मोडून पडली आहे. मग पुस्तकच दुरुस्त करायचे ठरले. काम रेंगाळले, मध्येच महायुद्ध आले. युद्धाने आणि त्यामागोमागच्या साथीने एक गोष्ट बदलली: मरणाऱ्यापर्यंत तातडीने पोचायचे, तर भाकर आणि वाइन आधीच आशीर्वादित करून ठेवलेली बरी, असे अनेक पाद्र्यांना वाटू लागले. भिंतीतल्या छोट्या कपाटात ती ठेवायची, समोर दिवा लावायचा. आणि इथेच प्रोटेस्टंटांच्या पोटात गोळा उठला. दिवा लावला की गुडघे टेकणारे येणार, म्हणजे आराधना होणार, म्हणजे रोम.

१९१९ मध्ये चर्चला स्वतःची सभा मिळाली. तिने केलेला ठराव पार्लमेंटने मंजूर करायचा किंवा फेटाळायचा. त्यात दुरुस्ती करता येणार नाही. १९२७ च्या जुलैत या सभेत बिशप, पाद्री आणि सामान्य सभासद या तिन्ही गटांनी मोठ्या बहुमताने नवे पुस्तक मंजूर केले. जुने १६६२ चे पुस्तक रद्द होणार नव्हतेच. नवे पर्याय म्हणून असणार होते. हाऊस ऑफ लॉर्ड्सने डिसेंबरात ते २४१ विरुद्ध ८८ मतांनी पास केले. म्हातारे आर्चबिशप रँडल डेव्हिडसन निश्चिंत झाले असतील, तर त्यांना दोष देता येणार नाही.

कॉमन्समध्ये नौदलमंत्री ब्रिजमन यांनी प्रस्ताव मांडला तो नीरसपणे. विरोधाला उभे राहिले खुद्द गृहमंत्री विल्यम जॉइन्सन-हिक्स, ज्यांना सगळे ‘जिक्स’ म्हणत. पंतप्रधान बाल्डविन पुस्तकाच्या बाजूने, त्यांचा गृहमंत्री विरुद्ध. पण सभागृह हलवले ते पेस्लीचे मजूर पक्षाचे खासदार रॉसलिन मिचेल यांनी. हे स्कॉटिश गृहस्थ या चर्चचे नव्हतेच. तरी हे पुस्तक म्हणजे प्रोटेस्टंट इंग्लंडचा घात, असे त्यांनी इतक्या आवेगाने मांडले, की काठावरचे सभासद वाहून गेले. उलट बाजूला लॉर्ड ह्यू सेसिल यांच्यावर भिस्त होती. त्यांनी विद्वत्ता भरपूर दाखवली, मते मिळाली नाहीत.

जिक्सना धर्मवेडा म्हणून निकालात काढण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही. त्यांचा मुद्दा असा होता, की चर्चच्या सभेत बसणारे म्हणजे चर्च नव्हे. वर्षातून चार वेळा चर्चमध्ये जाणारा, तिथेच लग्न लागलेला आणि तिथेच पुरला जाणारा इंग्रज माणूस कोणत्याही सभेवर निवडून जात नाही. त्याचा प्रतिनिधी पार्लमेंट. राष्ट्राचे चर्च म्हणून मिरवायचे, तर राष्ट्राला विचारावेच लागेल. यातली अडचण एवढीच, की त्या राष्ट्रात आता मेथडिस्ट, कॅथलिक, ज्यू, नास्तिक आणि एक बॅटर्सीचे पारशी कम्युनिस्टही होते.

किरकोळ बदल करून पुस्तक पुन्हा आणले. १४ जून १९२८ रोजी ते २६६ विरुद्ध २२० मतांनी, म्हणजे आधीपेक्षा जास्त फरकाने पडले. डेव्हिडसन त्याच वर्षी नोव्हेंबरात पायउतार झाले. स्वेच्छेने निवृत्त होणारे ते कँटरबरीचे पहिले आर्चबिशप. चर्च आणि राज्य यांच्या नात्याचे आजवर जोरदार समर्थन करणारे डरहॅमचे बिशप हेन्सली हेन्सन उलटले आणि फारकतीची मागणी करू लागले.

बिशपांनी मग जे केले ते अस्सल इंग्रजी होते. बंड नाही, राजीनामे नाहीत. १९२९ मध्ये त्यांनी ठरवून टाकले, की सध्याच्या परिस्थितीत कुणी १९२८ चे पुस्तक वापरले, तर ते चर्चशी बेइमानी मानायचे नाही. पुस्तक छापले गेले, विकले गेले. चर्चमध्ये वापरायला त्याला मान्यता आहे असे समजू नये, अशी सूचना आत छापून. सरकारने तिकडे काणाडोळा केला. पाच पाद्र्यांचा तुरुंग सगळ्यांच्या लक्षात होता.

आता त्याच १९२७ सालची दुसरी नोंद. याच पार्लमेंटने ‘इंडियन चर्च ॲक्ट’ मंजूर केला. हिंदुस्थानातले अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या राज्यसत्तेच्या बंधनातून सोडवणारा हा कायदा १९३० पासून लागू झाला. त्यासाठी वर्षानुवर्षे झटलेल्यांत मुंबईचे बिशप एडविन पामर आघाडीवर होते. त्यांचे कॅथीड्रल म्हणजे फोर्टातले १७१८ चे सेंट थॉमस. त्याच्याकडे जाणाऱ्या तटाच्या दरवाजावरून चर्चगेट हे नाव पडले. पामर यांच्या चर्चला आता स्वतःची प्रार्थना स्वतः ठरवता येणार होती. त्यासाठी लंडनमध्ये ना आवेशाची भाषणे झाली, ना कुणाला प्रोटेस्टंट धर्माचा घात दिसला. इंग्लंडचे चर्च पार्लमेंटला आपले वाटत होते, मुंबईचे नव्हते. एकाला मोकळीक नाकारली आणि दुसऱ्याला सहज दिली, त्यामागे यापलीकडे तत्त्व शोधायला गेलो तर हाती काही लागत नाही.

इंग्लंडच्या चर्चला हा अधिकार मिळायला १९७४ उजाडले. त्या वर्षीच्या कायद्याने उपासनेचे स्वरूप ठरवण्याचे काम चर्चच्या सर्वोच्च सभेकडे, म्हणजे सिनडकडे, गेले; अट एवढीच, की १६६२ चे पुस्तक उपलब्ध राहिले पाहिजे. लॉर्ड्समध्ये २६ बिशप अजून बसतात आणि सिनडचे ठराव अजूनही पार्लमेंटच्या मंजुरीसाठी जातात.

फेटाळलेल्या पुस्तकातला विवाहविधी त्याआधीच, १९६६ मध्ये, थोड्याफार बदलांनिशी पर्यायी विधी म्हणून मान्य झाला होता. त्यात वधूला ‘आज्ञा पाळीन’ असे म्हणावे लागत नाही. २९ एप्रिल २०११ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत, कॉमन्सच्या सभागृहापासून हाकेच्या अंतरावर, विल्यम आणि केट यांचे लग्न याच विधीने लागले. विल्यम राजे झाले, की या चर्चचे प्रमुखपद त्यांच्याकडे येईल.