सुख कितव्या पायरीवर?

पगार, वय, लग्न, नोकरी... मनाच्या स्वास्थ्याशी या सगळ्याचा संबंध काय, हे संशोधक पन्नासेक वर्षं लोकांना खोदून खोदून विचारताहेत. उत्तरं वाचली की लक्षात येतं, आपलं सुख आपल्याइतकंच आजूबाजूचे लोकही ठरवतात!

पुन्हा फिनलंडच!
०पासून १०पर्यंत पायऱ्यांची शिडी डोळ्यांसमोर आणा. तुमचं आयुष्य कितव्या पायरीवर? जागतिक आनंद अहवालातली क्रमवारी याच एका प्रश्नावर लागते. २०१८ ते २०२५ अशी सलग आठ वर्षं पहिला नंबर फिनलंडचा. २०२५ मध्ये १४७ देशांत आपण ११८वे.

पैसा: आधी भांडण, मग तह
नोबेलविजेते डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन यांनी २०१० मध्ये सांगितलं, अमेरिकेत वर्षाला ७५ हजार डॉलर कमाईच्या पुढे रोजचा मूड फारसा सुधारत नाही. २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्जवर्थ म्हणाले, छे, सुधारतच राहतो! मग भांडत बसण्याऐवजी कानेमन आणि किलिंग्जवर्थ यांनी बार्बरा मेलर्स यांना मध्यस्थ म्हणून घेऊन आकडे एकत्र तपासले. २०२३ चा निकाल असा: बहुतेकांचं सुख पैशाबरोबर वाढतं. मुळातच दुःखी असलेल्यांना मात्र एका मर्यादेनंतर पैसा फारसा उपयोगी पडत नाही.

लॉटरी लागली, पुढे?
१९७८ च्या एका गाजलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या २२ लॉटरीविजेत्यांना गाठलं. ते इतरांपेक्षा काही विशेष सुखी निघाले नाहीत. उलट सकाळची न्याहारी, मित्राशी गप्पा, एखादा विनोद अशा साध्यासुध्या गोष्टींतली त्यांची मजा कमी झाली होती.

रौप्यापेक्षा कांस्य बरं
१९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या खेळाडूंचे चेहरे संशोधकांनी व्हिडिओवर तपासून घेतले. रौप्यवाल्यांपेक्षा कांस्यवाले जास्त खूश दिसले! एकाच्या मनात हुकलेलं सुवर्ण, दुसऱ्याच्या मनात ‘चला, पदक तरी मिळालं’.

बेकारांना बेकारांची सोबत
नोकरी गेली की नुसता पगार जात नाही, मनही खचतं. पण अँड्र्यू क्लार्क यांना २००३ मध्ये ब्रिटनच्या आकडेवारीत एक गंमत सापडली: आजूबाजूला बेकार जास्त असतील तर बेकारीचा चटका जरा कमी बसतो. ‘मी एकटाच नाही’ हाही दिलासाच.

नव्याचे नऊ दिवस
जर्मनीत २४ हजारांहून अधिक लोकांचा १५ वर्षं माग काढला. लग्नाच्या सुमारास समाधान वर जातं आणि काही वर्षांत सरासरी पुन्हा मूळ पातळीवर येतं. ज्यांची लग्नं टिकली, ते बोहल्यावर चढण्याआधीपासूनच जरा जास्त समाधानी होते.

चिंपांझींचीही चाळिशी
अनेक देशांत समाधान तरुणपणी बरं, चाळिशी-पन्नाशीत तळाला आणि पुढे पुन्हा वर, असं दिसलं. कर्ज, मुलांच्या फिया, बॉसची कटकट? मग २०१२ च्या अभ्यासातल्या ५०८ चिंपांझी आणि ओरांगउटान यांचं काय? त्यांना सांभाळणाऱ्यांनी दिलेल्या गुणांतही मध्यमवयात तसाच खड्डा होता! अलीकडे मात्र हे चित्र पालटतंय. २०२४ च्या आनंद अहवालात उत्तर अमेरिकेतले तरुण म्हाताऱ्यांपेक्षा कमी सुखी निघाले.

कोलकात्याची गुणपत्रिका
२००१ मध्ये कोलकात्यातल्या झोपडपट्टीतले, फुटपाथवरचे रहिवासी आणि देहविक्री करणाऱ्या स्त्रिया अशा ८३ जणांशी बोलून अभ्यास झाला. एकूण आयुष्याला त्यांनी बेताचेच गुण दिले. घरची माणसं आणि मित्र यांना मात्र चांगले गुण! गरिबी गोड नसतेच. पण माणसं बरीच कसर भरून काढतात.

डबा कुणाबरोबर?
अमेरिकेत २०२३ मध्ये दर चारांतल्या एकाने आदल्या दिवशीची सगळी जेवणं एकट्याने उरकली होती. २०२५ चा आनंद अहवाल म्हणतो, कुणाबरोबर तरी जेवण्याचा समाधानाशी असलेला संबंध उत्पन्न आणि बेकारी यांच्या तोडीचा आहे. आता सोबत जेवल्याने माणूस सुखी होतो, की सुखी माणसालाच सोबत मिळते, यावर संशोधकांना खुशाल वाद घालू द्या. पगारवाढ साहेबांच्या हातात असते. समोरच्याला ‘या जेवायला’ म्हणायला मंजुरी लागत नाही.