गिरिचढाई व उरोवेदना

डोंगर चढताना छातीत जाणवणारा दाब, आवळल्यासारखी वेदना, जळजळ किंवा दम कोंडल्याची भावना. हा स्वतंत्र रोग नसून निरनिराळ्या विकारांचे लक्षण आहे. ते विरळ हवेमुळे उद्‌भवते, हा समज हिमालयाच्या बाबतीत काही अंशी खरा असला, तरी सह्याद्रीत बहुधा फसवा ठरतो.

हवेतील ऑक्सिजनचे शेकडा प्रमाण (सु. २१) उंचीनुसार बदलत नाही, हवेचा दाब मात्र घटतो. समुद्रसपाटीस ७६० मिमी. पारा इतका असणारा हा दाब लेह (सु. ३,५०० मी.) येथे ५०० मिमी.च्या आसपास येतो. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर तो सु. ७०० मिमी. असतो. राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मी.) येथेही निरोगी व्यक्तीच्या रक्तातील ऑक्सिजन फारसा घटत नाही.

ताम्हिणीच्या चढणीवर छाती आवळली, तर कारण उंचीत नव्हे, श्रमात शोधावे लागते. चढताना हृदयाची ऑक्सिजनची गरज वाढते आणि अरुंद झालेल्या हृद्‌रोहिण्या ती पुरवू शकत नाहीत. उरोस्थीमागे सुरू होऊन डावा हात, मान वा जबड्याकडे जाणारी, थांबताच काही मिनिटांत ओसरणारी वेदना हृद्‌शूलाची (अंजायनाची) असते. एरवी बैठे काम करून सुटीच्या दिवशी एकदम डोंगर गाठणाऱ्या मध्यमवयीनांनी ती दमणूक समजू नये. मधुमेही व्यक्तीस वेदनेऐवजी केवळ धाप लागू शकते. पाठपिशवीच्या पट्ट्यांनी आखडलेला स्नायू दाबल्यास दुखतो. दमा व आम्लपित्त यांचाही विचार करावा लागतो. परंतु हृदयविकार नाही याची खात्री झाल्यानंतरच.

सु. २,५०० मी.वर त्वरेने गेल्यास निरोगी तरुणासही फुप्फुसशोफ होऊ शकतो. ऑक्सिजनच्या कमतरतेने फुप्फुसातील रक्तवाहिन्या विषम प्रमाणात आकुंचन पावतात, दाब वाढतो व द्रव वायुकोशांत झिरपतो. प्रथम कोरडा खोकला, मग विश्रांतीतही धाप आणि गुलाबी फेसाळ कफ, असा क्रम दिसतो. अमेरिकन वैद्य चार्ल्स ह्यूस्टन यांनी १९६० मध्ये याचे वर्णन केले. १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात मैदानी प्रदेशातून घाईने उंचीवर नेलेल्या भारतीय सैनिकांत हा विकार मोठ्या प्रमाणावर आढळला आणि त्यांच्यावरील अभ्यासाने या विषयाच्या ज्ञानात मोलाची भर पडली.

उपचारांतील भेद महत्त्वाचा आहे. फुप्फुसशोफात ऑक्सिजन देऊन रुग्णास शक्यतो न चालवता ताबडतोब खाली नेणे हाच मुख्य उपाय होय. सह्याद्रीत उतरण्याने हृदयास काहीच लाभ होत नाही. ताम्हिणीजवळच्या अंधारबनातून भिऱ्याकडे जाणारी वाट तर उतरत्या रानातून दीर्घकाळ नेते. ‘उतारच आहे’ म्हणून रुग्णास त्या वाटेने चालवणे घातक ठरू शकते. त्यास बसवावे, श्रम पूर्णपणे थांबवावेत आणि उचलून जवळच्या गाडीरस्त्यापर्यंत आणावे. विश्रांतीने वेदना शमली, तरी चढाई पुन्हा सुरू करू नये. विश्रांत अवस्थेतील विद्युत् हृल्लेख हृद्‌शूलाच्या रुग्णातही निर्दोष असू शकतो. म्हणून वैद्याच्या सल्ल्याने श्रमचाचणी वा अन्य तपासण्या कराव्या लागतात.